सातासमुद्रापलीकडचा फगवा

फाल्गुन मास उजाडला की आपल्याकडे कोणासही पंचांग उघडून पाहावे लागत नाही. कोकणात पालख्या नाचू लागतात, देशावर एरंडाच्या फांदीभोवती गोवऱ्या रचल्या जातात, आणि पुरणाच्या वासाने स्वयंपाकघर भरून जाते. हे सारे इतके अंगवळणी पडलेले आहे की सण टिकून राहतो तो कशाच्या बळावर, हा प्रश्न आपणांस सहसा पडतच नाही. माती आपली, भाषा आपली, देऊळ गावातले, भटजी शेजारच्या आळीतले. परंतु यांतील एकेक गोष्ट काढून घेतली तर? माती गेली, पुढे भाषाही गेली, तर मागे काय उरेल? सन २०२३ च्या फाल्गुनात त्रिनिदाद बेटावर घालविलेल्या एका दिवसाने हा प्रश्न आमच्यासमोर उभा केला. तोच दिवस वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

त्रिनिदाद म्हणजे वेस्ट इंडीजच्या माळेतील अगदी दक्षिणेचे बेट. दक्षिण अमेरिकेचा किनारा तेथून काही मैलांवरच आहे. क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला रत्नागिरी जिल्हाही त्याहून मोठा भरावा. तेथे पहाटेचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेतीन झालेले असतात. गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर तेथील ऊसमळ्यांना मजूर मिळेनात. तेव्हा इंग्रज सरकारने हिंदुस्थानातून कराराने माणसे नेण्यास आरंभ केला. ‘फतेल रझाक’ नावाचे पहिले जहाज कलकत्त्याहून निघाले आणि साडेतीन महिन्यांनी, ३० मे १८४५ रोजी, सुमारे सव्वादोनशे माणसांसह तेथे पोचले. १९१७ पर्यंत ही वाहतूक चालली आणि १ लाख ४० हजारांहून अधिक लोक त्या बेटावर उतरले. त्यांतील बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारातील, भोजपुरी व अवधी बोलणारे. मराठी माणूस त्यांत शोधूनही क्वचितच सापडावा. पाच वर्षांचा करार; परंतु करार संपल्यावर परत आले ते थोडे, बाकीचे तेथलेच झाले. २०११ च्या खानेसुमारीत त्या देशात हिंदूंचे प्रमाण सुमारे १८ टक्के भरले.

होळीला ते लोक ‘फगवा’ म्हणतात. दिवाळीस तेथे १९६६ पासून सार्वजनिक सुटी आहे, फगव्यास ती नाही. म्हणून पुष्कळ गावे होळी पौर्णिमेच्या रात्री पेटवितात आणि रंग मात्र जवळच्या रविवारी खेळतात. आम्ही उतरलो होतो ते गाव चगुआनास या शहराजवळचे. तेथील रंगाचा रविवार १२ मार्चला आला होता. आम्ही मनातल्या मनात तिथी मोजली, तो फाल्गुन वद्य पंचमी! आपल्याकडील रंगपंचमीचा मुहूर्त त्या मंडळींनी सुटीच्या सोयीने, नकळत, अचूक साधलेला पाहून मौज वाटली.

आमचे यजमान एक निवृत्त शिक्षक. त्यांच्या घरी पंच्याऐंशी उलटलेल्या त्यांच्या मातुःश्री आहेत. सारे घर त्यांना ‘आजी’ म्हणते. आजा, आजी, नाना, नानी हे शब्द तेथे जसेच्या तसे उरले आहेत. बाकीचे सारे बोलणे त्या बेटाच्या इंग्रजीत. एकमेकांस भेटताना मात्र ‘सीताराम’. आम्ही दाराशी येताच आजींनी हात जोडून तोच शब्द उच्चारला आणि पुढे आम्ही हिंदीतून जे काही बोललो त्यातले त्यांना फारसे कळले नाही. घरासमोर अंगणात उंच कळकांवर लाल, पिवळ्या, पांढऱ्या पताका फडकत होत्या. त्यांना ‘झंडी’ म्हणतात. घरी पूजा झाली की त्या देवतेच्या रंगाची झंडी अंगणात रोवायची. लाल ती मारुतीची. वाऱ्यापावसाने कापड विरून जाईपर्यंत ती तशीच राहते. त्या गावातून जाताना हिंदूचे घर कोणते हे कोणास विचारावे लागत नाही.

सकाळची न्याहारी यजमानांनी हट्टाने रस्त्यावर करविली. चौकात एका गाडीभोवती वीस-पंचवीस माणसे उभी होती आणि गाडीवाला ज्या चपळाईने हात चालवीत होता ती पाहूनच निम्मे पोट भरावे. ‘डबल्स’ नावाचा हा पदार्थ त्या देशाचे जणू राष्ट्रीय खाद्य आहे. हळद घातलेल्या आंबवलेल्या कणकेचे दोन लुसलुशीत तळलेले ‘बारा’, म्हणजे आपल्या वड्याचाच भाऊबंद. त्यांमध्ये रसदार हरभऱ्याची उसळ, वर चिंचेची चटणी, काकडीचा कीस आणि ‘कुचेला’ हे कैरीच्या किसाचे लोणचे. हे सारे एका कागदात गुंडाळून हाती देतात. चमचा नाही, ताटली नाही. किती तिखट हवे ते आधी सांगावे लागते. आम्ही मोठ्या ऐटीत ‘मीडियम’ म्हणालो आणि यजमानांनी आमच्या पाठीमागून खुणेने ते ‘स्लाइट’ करविले, हे पुढे कळले. ज्या बेटावरील मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची २०१२ साली जगातील सर्वांत तिखट ठरली होती, तेथे कोल्हापूरचा अभिमान बाळगणाऱ्यानेही जपून असावे. चटणीत ज्या हिरव्या पानाचा वास येत होता त्याला तेथील हिंदू ‘बंधनिया’ म्हणतात. वनातला धनिया तो बंधनिया. आपली कोथिंबीर तेथे मिळेना तेव्हा त्या प्रथम उतरलेल्या बायांनी रानात हिंडून, पाने चुरगाळून, वास घेऊन हे पान शोधले असेल, या विचाराने आमचा घास क्षणभर हातातच राहिला.

या पदार्थाचा आरंभ १९३६ साली प्रिन्सेस टाउनजवळच्या फेअरफील्ड गावी ममूल दीन व रसूलन या दीन दांपत्याने केला, असे सांगतात. प्रथम एकाच बाऱ्यावर हरभरे घालून देत. गिऱ्हाइके बारा दुप्पट करून मागू लागली आणि त्या मागणीवरून नावच ‘डबल्स’ पडले. एका मुसलमान कुटुंबाने रुजविलेली ही न्याहारी फगव्याच्या सकाळी हिंदू खातात, आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती खातात, आणि रांगेत सारे एकमेकांस जागा करून देतात. मांसाचा त्यात स्पर्श नसतो, ही आमच्या शाकाहारी वाचकांसाठी मुद्दाम दिलेली माहिती.

तेथून आम्ही समुद्राकाठी वॉटरलू येथे गेलो. वाटेत कॅरापिचाइमा गावात दत्तात्रेयाचे मंदिर लागते. मैसूरच्या श्रीगणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतील हे स्थान. बांधणी दाक्षिणात्य, आणि प्रांगणात २००३ साली प्रतिष्ठापिलेली ८५ फूट उंचीची मारुतिरायाची मूर्ती. गाणगापूर-नरसोबाच्या वाडीस जाणाऱ्या आम्हांस दत्तमहाराजांचे दर्शन पृथ्वीच्या त्या टोकास घडेल असे स्वप्नातही आले नव्हते. परंतु खरे सांगावयाचे तर, त्या भव्य मूर्तीपेक्षा मनात घर करून राहिले ते पुढचे, समुद्रातले लहानसे देऊळ.

शिवदास साधू नावाचे एक ऊसमळ्यातील मजूर होते. १९४७ साली त्यांनी या किनाऱ्यावर स्वतःच्या हातांनी देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची. कंपनीने देऊळ काढण्यास सांगितले. साधूंनी आपल्या हाताने ते पाडण्यास नकार दिला. १९५२ मध्ये देऊळ पाडण्यात आले, साधूंना १४ दिवसांची कैद आणि वर दंड झाला. सुटून आल्यावर त्यांनी कोणाशी भांडण केले नाही. जमीन कंपनीची असेल, समुद्र तर कोणाचा नाही, असे म्हणून त्यांनी ओहोटीच्या वेळी चिखलात भर घालण्यास सुरुवात केली. सायकलवरून वाळू, दगड, सिमेंट न्यावे. रिकाम्या पिंपांत काँक्रीट ओतून ती चिखलात रोवावीत. भरती येई आणि काम थांबे. ओहोटी होई आणि पुन्हा सुरू होई. हे त्यांनी वर्षानुवर्षे एकट्याने केले. त्यांच्यामागे लाटांनी त्या वास्तूची दुर्दशा केली होती. १९९५ मध्ये, पहिल्या जहाजाच्या दीडशेव्या वर्षी, ती पुन्हा उभारली गेली. आज किनाऱ्यापासून देवळापर्यंत फरसबंद वाट आहे आणि बाजूस भगव्या, लाल झंड्यांचे जणू बनच. थोड्या अंतरावर दहनभूमी. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. काळा चिखल उघडा पडला होता, त्यात बगळे टिपीत होते, आणि देवळात एक मध्यमवयीन बाई एकटीच पिंडीवर लोट्याने पाणी घालीत उभी होती. लोट्याला तेथे लोटाच म्हणतात.

परतताना यजमान दोन्ही बाजूंच्या पडीक रानांकडे बोट दाखवून सांगत होते की त्यांच्या लहानपणी येथे नजर पोचेल तेथवर ऊस होता. सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद झाली. ज्या उसासाठी त्यांच्या पणज्यास समुद्र ओलांडावा लागला तो ऊस आता जवळजवळ संपला. मधूनमधून पुईचे वृक्ष मात्र गुलाबी फुलले होते. पळस नाही तेथे फाल्गुनाची खूण हीच.

दुपारी गावच्या मैदानावर फगवा. मैदानाच्या कडेला पौर्णिमेच्या होळीची राख अजून होती. वसंतपंचमीला एरंडाचे रोप लावून त्याभोवती लाकडे रचीत जावयाची आणि पौर्णिमेस पेटवावयाची, अशी तेथली रीत, हे ऐकून आम्ही चकित झालो. आपल्या होळीच्या मध्यभागीही एरंडच असतो. गंगेकाठचा शेतकरी आणि भीमेकाठचा शेतकरी यांना हे कोणी वेगवेगळे शिकविले नव्हते. जे झाड आम्ही रानात पाहून न पाहिल्यासारखे करतो, ते त्यांनी पाण्यापलीकडेही ओळखून जपले.

चौताल गाणाऱ्यांची दोन दले समोरासमोर मांडी घालून बसली होती. मध्ये ढोलक, हातांत झांजा, आणि ‘धनताल’ हे त्या लोकांचे खास वाद्य: कमरेइतकी उंच लोखंडी सळई आणि तिच्यावर आघात करावयास नालेच्या आकाराचा तुकडा. एका दलाने ओळ उचलावी, दुसऱ्याने ती झेलावी. लय संथ सुरू होते, चढत चढत जाते आणि शेवटी झांजांच्या कल्लोळात माणसे गुडघ्यांवर उठतात. कोकणातल्या डबलबारीत रात्र जागविलेल्या वाचकांस ती चुरस निराळी समजावून सांगावयास नको. विषय तेच: अवधातील राम, ब्रजातील कृष्ण, रंग आणि गुलाल.

आमच्या शेजारी बसलेल्या पंधरासोळा वर्षांच्या मुलाच्या हातात चौतालांची वही होती. शब्द भोजपुरीचे, लिपी रोमन. तो एकही अक्षर न चुकता गात होता. दल श्वास घ्यावयास थांबले तेव्हा त्याने वहीतील एका शब्दावर बोट ठेवून त्याचा अर्थ विचारला. शब्द ‘अवध’ हा होता. तीन-चार वर्षे तो ती ओळ गात आला होता. रामाच्या नगरीचे ते नाव, असे आम्ही सांगितले. त्याने मान हलविली, पेन्सिलीने बाजूस टिपून घेतले आणि झांज उचलली.

अर्थ न कळता गाइलेले भजन पोकळ, असे आपल्याकडील सुशिक्षित सहज म्हणतील. आम्हीही पूर्वी म्हणत असू. परंतु आपण ज्या आरत्या पाठ म्हणतो त्यांतील किती शब्दांचा अर्थ आपल्या मुलांना, आणि आपल्याला, सांगता येईल? आमचे मत असे झाले की त्या बेटावर धर्म जो उरला तो पोथीतून कमी आणि हातापायांतून अधिक. एरंड कोठे रोवावा, झांज कोणत्या मात्रेवर पडावी, पिठात मोहन किती, झंडीस कळक कोणता, हे पिढीमागून पिढी एकमेकांशेजारी बसून उतरले. भाषेला शाळा लागते, आणि शाळा त्यांच्या वाट्याला फार उशिरा आली. १९५२ मध्ये सनातन धर्म महासभा एकत्रित झाल्यावर भदासे सगन महाराज यांच्या पुढाकाराने गावोगाव हिंदू शाळा निघाल्या. त्या साध्या बांधणीच्या शाळांना विरोधक गोठे म्हणून हिणवीत. आमचे यजमान अशाच एका शाळेत शिकले आणि पुढे तेथेच त्यांनी शिकविले.

असो. एवढे गंभीर होऊन बसावयास तेथे सवड कोठली! रंगाला आरंभ झाला होता. तेथे ‘अबीर’ म्हणजे कोरडी पूड नव्हे तर गडद जांभळ्या-किरमिजी रंगाचे पाणी. ते बाटल्यांत भरून, झाकणाला भोक पाडून पिचकारीसारखे उडवितात. सर्वांनी पांढरे कपडे मुद्दाम घालून यावयाचे. पाच मिनिटांत आमच्या सदऱ्यावर पांढरा असा ठिपका उरला नाही. मैदान देवळाचे असल्याने मद्यास बंदी होती. इतरत्र मात्र मोठमोठे ध्वनिक्षेपक लावून, पेयपान करून, वाटेल त्या गाण्यांवर नाचण्याचा प्रकार वाढला आहे, अशी वडीलधाऱ्यांची तक्रार कानी आली. आपल्या गणेशोत्सवातील मिरवणुकांविषयी हीच तक्रार आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की क्षणभर आपण परदेशात आहोत याचा विसर पडला. तेथील काही मंडळींनी यावर तोड म्हणून ‘पिचकारी’ नावाचा एक गीतप्रकार काढला आहे: इंग्रजीत हिंदी शब्द मिसळून, समाजाच्या दोषांवर बोट ठेवणारी गाणी, आणि त्यांच्या स्पर्धा. उपाय कितपत लागू पडतो ते काळच सांगेल; परंतु नुसते कुरकुरत बसण्यापेक्षा तो बरा.

आणि मग जे पाहिले त्यास आम्ही मुळीच तयार नव्हतो. मैदानाच्या मध्यभागी उंच दोरावर मडके टांगले गेले आणि तरुणांची टोळकी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून कडे करू लागली. ‘माखनचोर’ असे या खेळाचे नाव. गिरगाव-दादरच्या माणसाने ही तयारी पाहून स्वस्थ कसे बसावे! हा खेळ आपल्याकडे गोकुळाष्टमीचा. तेथे तो फगव्यास जोडला गेला. पहिले टोळके दुसऱ्या थरावरच कोसळले, आणि अंग रंगाच्या पाण्याने निसरडे झालेले असल्याने ते साहजिकच होते. दुसऱ्याचे तसेच. तिसऱ्या टोळक्याच्या तळाशी आफ्रिकी वंशाचे दोन धिप्पाड जवान होते, गावचेच, बालपणापासूनचे सोबती. त्यांच्या खांद्यांवर तीन थर लागले आणि दहा-अकरा वर्षांचा एक सडपातळ मुलगा सरसर चढून मडक्याला लोंबकळला. गलका असा उठला की चौतालवाले गाणे सोडून धावले. आमच्या तोंडून ‘गोविंदा’ असा उद्गार निघाला. शेजारच्यांना तो इतका आवडला की पुढची पाच मिनिटे साऱ्या मैदानात त्याचाच घोष चालला. मुंबईची तेवढी भर त्या गावच्या फगव्यात आमच्या हातून पडली.

जेवण देवळाच्या मंडपात पंक्तीने. केळीच्या पानासारखे पण किंचित गोलसर असे ‘सोहारी’चे पान पुढे आले, त्यावर भात, डाळ, आलू-हरभरे, लाल भोपळ्याची ‘तलकारी’, कैरीची तलकारी, पालेभाजी आणि पुरी. कढईला कढई, बेलण्याला बेलना, तव्याला तवा. भाषा गेली म्हणतो खरी, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ती गेली एवढेच. मुख्य आश्चर्य ‘सहीना’. त्या बेटावरील अळूच्या पानांवर डाळीचे पीठ थापून, गुंडाळी करून, काप तळलेले. ही आपली अळूवडीच, चिंच-गुळाऐवजी कैरीच्या चटणीने खावयाची इतकेच. आणि ‘कुरमा’ नावाने जे गोड आले ते पाकातले शंकरपाळे निघाले. आम्ही वाढणाऱ्या बाईंस ‘हे आमच्या दिवाळीतले’ म्हणून सांगितले, तेव्हा त्यांनी ‘आमच्याही’ असे म्हणून आणखी मूठभर घातले.

ऊन उतरल्यावर त्याच मैदानाच्या दुसऱ्या अंगास क्रिकेट सुरू झाले. टेनिसच्या चेंडूसारखा हलका, पोकळ चेंडू. त्याला ‘विंडबॉल’ म्हणतात. रंगाने माखलेले तेच तरुण, तीच बालके. यष्टी म्हणून एक रिकामे पेटाड. यजमानांनी खुर्च्या मांडविल्या आणि इतका वेळ त्यांनी मनात राखून ठेवलेला विषय निघाला.

१९७१ च्या मार्चमध्ये ते चौदा वर्षांचे होते. वडिलांबरोबर पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर त्यांनी दुसरी कसोटी पाहिली. ६ ते १० मार्च. वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला प्रथमच हरविले तो सामना. पहिल्याच चेंडूवर आबिद अलीने फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडविला, मूळचे मडगावचे सरदेसाई शतक ठोकून ११२ वर गेले, दुसऱ्या डावात दुराणीने सोबर्सला शून्यावर टिपले. आणि एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरने पदार्पणातच ६५ व नाबाद ६७ धावा केल्या. हे सारे त्यांनी चेंडूगणिक सांगितले. सामना संपला आणि दोनच दिवसांत फाल्गुनी पौर्णिमा होती. त्या वर्षीच्या होळीसारखी होळी आपण पुन्हा पाहिली नाही, असे ते म्हणाले. एप्रिलमध्ये गावसकर त्याच मैदानावर पुन्हा उतरला: १२४ आणि २२०. चार कसोटींत ७७४ धावा. त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या शाहिराने त्याच्यावर कॅलिप्सो रचले, तेव्हा साऱ्या बेटाने ते गाइले. पुढे सुनील नरेन हा त्रिनिदादी गोलंदाज नावारूपास आला. त्याच्या वडिलांनी त्याचे नाव गावसकरवरूनच ठेवलेले.

पण आनंदाच्या या कथेला एक काटाही होता, आणि यजमानांनी तो लपविला नाही. त्या दुसऱ्या कसोटीत जॅक नोरेगा या त्रिनिदादच्याच गोलंदाजाने भारताचे ९ गडी ९५ धावांत बाद केले. वेस्ट इंडीजच्या गोलंदाजाने एका डावात केलेली ती आजही सर्वोत्तम कामगिरी आहे. आपल्या बेटाच्या माणसाचा तो पराक्रम चालू असताना त्यांच्या बाजूचे प्रेक्षक गप्प होते, आणि भारताच्या प्रत्येक चौकारावर उभे राहत होते. शेजारी बसलेला त्यांच्या वर्गातील आफ्रिकी वंशाचा मित्र शेवटी वळून म्हणाला की खातोस येथले, राहतोस येथे, आणि ओरडतोस कोणासाठी? मित्राचे ते बोलणे त्यांना तेव्हा झोंबले; पुढे वर्गात शिकविताना ते पटले. आम्ही विचारले, आता? त्यांनी मैदानाकडे बोट केले. त्यांचा नातू वेस्ट इंडीजची टोपी घालून गोलंदाजी करीत होता आणि मघाशी थरांच्या तळाशी असलेल्या त्या दोघांपैकी एक यष्टीमागे उभा होता. आम्हांस यात विषाद मानण्यासारखे काही दिसले नाही. ज्या घरी मुलगी दिली त्या घराची ती व्हावी, असेच आपण म्हणतो. माहेरचे लोणचे तिने घालावे म्हणजे झाले.

काळोख पडता पडता घरी परतलो. आजींनी दिवा लावला होता. तुलसीरामायणाची मोठी प्रत चौरंगावर, आणि तिच्या बासनात घडी घातलेला एक कागद. त्यांच्या आजीचा, कलकत्ता बंदरातून मिळालेला प्रवासपरवाना. नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची, अंगावरील खूण. सारे इंग्रजीत, कारकुनाच्या घाईच्या अक्षरात. जिल्हा बस्ती. त्या कागदाला घरात इतका मान का, ते यजमानांनी सांगितले. हिंदू विवाहास त्या बेटावर १९४५-४६ पर्यंत कायद्याची मान्यताच नव्हती. पुरोहित होता, अग्नी होता, सात फेरे होते. सरकारदरबारी मात्र लग्न लागलेलेच नव्हते. त्यामुळे आजींच्या जन्माच्या दाखल्यावर वडिलांचे नाव नाही, आणि संतती अनौरस असा शेरा आहे. त्या घराण्यात कोणाचा बाप कोण होता हे सरकारी शाईने लिहिलेला कागद हाच एक.

बस्ती आमच्या गावापासून किती दूर, असे आजींनी मुलाकरवी विचारले. सुमारे दीड हजार किलोमीटर, रेल्वेने दीड दिवसाची वाट, असे आम्ही सांगितले. त्यांना ते जवळच वाटले. मग त्यांनी ते गावाचे नाव नागरीत लिहून मागितले. रोमन अक्षरे अशी होती की ‘बढनी’ असेही वाचता येई आणि ‘बरहनी’ असेही. आम्ही दोन्ही लिहिली, मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक. यांतले खरे कोणते, हे त्यांनी विचारले. ते तेथे गेल्यावाचून सांगता यावयाचे नाही, असे आम्ही म्हणालो. त्यांनी दोन्ही अक्षरओळींवरून बोट फिरविले, कागदाची घडी घातली आणि ती परवान्यासह बासनात ठेवली. नंतर मोहनभोगाची वाटी पुढे करून, सकाळपासून आम्ही नीट जेवलोच नाही, असे त्या आपल्या इंग्रजीत रागे भरू लागल्या.